एसटीने कास, मग दिवसभर पायी

माचीवरचा | शुक्रवार, रात्री ९:१०

परवा बुधवारी रजा टाकून कासला जाऊन आलो. सातारा स्टँडवरून बामणोलीच्या एसटीने गेलो, संध्याकाळी बामणोलीहून परतणाऱ्या गाडीने आलो, मधला सगळा दिवस पायी. दर पावसाळ्यात माझी एक तरी फेरी होते. आधी मोटारसायकलने जायचो, मग काही वर्षं मित्राच्या कारने. गेली सहा वर्षं फक्त एसटी. गाडी कुठे लावायची, निघताना कोंडी लागेल का, हे डोक्यातून गेलं आणि पठार नीट दिसायला लागलं. म्हणून हा धागा काढतोय.

आधी जाण्याचं सांगतो. सातारा ते कास पठार साधारण २५ किलोमीटर. बामणोलीची एसटी पठारावरूनच जाते. पावसाळ्यात वेळा मागेपुढे होतात, त्यामुळे आदल्या संध्याकाळी स्टँडवरच्या चौकशी खिडकीत विचारून ठेवा. परतीची शेवटची गाडी बामणोलीहून कधी सुटते तेही तेव्हाच विचारा. तिकीट काढताना कंडक्टरला 'पठारावर, फुलांच्या गेटला' असं सांगा, कारण कास गाव आणि तलाव त्याच्या पुढे आहे. पुण्या-मुंबईकडच्यांनी आदल्या रात्री साताऱ्यात मुक्काम केला तर सकाळची गाडी मिळते. प्रवेशाचं आरक्षण ऑनलाइन होतं, ते घरूनच करून निघा.

समर्थ मंदिर मागे पडलं की यवतेश्वरचा घाट लागतो. घाट चढून गेल्यावर रस्ता डोंगराच्या माथ्यावरूनच जातो. डावीकडे खाली उरमोडीचं खोरं, उजवीकडे वेण्णेचं खोरं आणि कण्हेर धरणाचं पाणी. कारमध्ये काच बंद, गाणी चालू, त्यामुळे इतकी वर्षं हे मी बघितलंच नव्हतं. बुधवारी शेजारी एक काका होते, साताऱ्यात दूध घालून रिकामे कॅन घेऊन परत निघालेले. म्हणाले, "वर धुकं असलं तर घाई करू नका. अकरापर्यंत बसून राहा, आपोआप निघतं." तसंच झालं.

पठाराची उंची १२०० मीटरच्या आसपास. खाली काळा बेसॉल्ट, त्यावर जांभ्याचा थर, आणि जांभ्यावर माती म्हणाल तर बोटाचं पेरभर, कुठे तेवढीही नाही. पावसाळाभर त्यावर पाणी उभं असतं आणि उन्हाळ्यात तोच कातळ तव्यासारखा तापतो. मोठ्या झाडाला पाय रोवायला जागाच नाही, म्हणून इथे लहानांचं राज्य आहे. कासच्या परिसरात ८५०हून अधिक जातींच्या फुलझाडांची नोंद आहे. २०१२ साली पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारशात गेली, त्यात महाराष्ट्रातली चार: कास, कोयना, चांदोली, राधानगरी.

आता बुधवारचं. गेटमधून आत थोडं चालल्यावर वाटेच्या कडेला एक ओलसर खळगा आहे. तिथे उकिडवा बसलो. पहिली पाच मिनिटं नुसता हिरवा-तांबूस पट्टा दिसत होता, शेवाळ असावं असा. मग त्यात दवबिंदू दिसला, कीटक खाणारी वनस्पती. करंगळीएवढं रोप, दोऱ्यासारखी पानं, पानांवर तांबडे केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला एक चिकट थेंब. ऊन आलं तसे सगळे थेंब एकदम पेटले. एका पानावर चिलटाएवढी माशी अडकली होती, तिचा एक पाय अजून हलत होता. मी पाऊण तास तिथेच होतो. आजूबाजूचे केस हळूहळू तिच्याकडे झुकत गेले. माझ्या मागून त्या वेळात तीस-चाळीस माणसं गेली असतील. एक लहान मुलगी थांबली, माझ्या शेजारी बसली, तिला बोट दाखवलं तर ती श्वास रोखून बघत राहिली.

नंतर महाबळेश्वरकडे जाणाऱ्या जुन्या राजमार्गाने कुमुदिनी तलावापर्यंत चालत गेलो. सपाट, रुंद वाट आहे, दोन्हीकडे गेंदाचे पांढरे गोल गोल ठिपके वाऱ्यावर डुलत असतात. कुमुदिनीचं फूल लांबून साधं पांढरं वाटतं. जवळून बघा, पाकळ्यांच्या आतून बारीक केसांची झालर आहे, लोकरीची वाटावी अशी. एक फूल एकच दिवस टिकतं.

एकच विनंती आहे, ती हात जोडून करतो. आखलेली वाट सोडू नका. फोटोसाठी एक पाऊलसुद्धा नाही. तिथे जमीन नाही, कातळाच्या खळग्यात साठलेली चिमूटभर माती आहे. ती बुटाच्या तळव्याला लागून गेली की पुढच्या वर्षी त्या खळग्यात काहीच येत नाही. मी स्वतः अशा दोन जागा ओळखतो जिथे आधी फुलं असायची आणि आता नुसता दगड आहे.

तुमचे अनुभव लिहा. एसटीने गेलेल्यांचे विशेष.

चिंचवडची_लेक | शुक्रवार, रात्री १०:०२

फार छान लिहिलंय, दादा. माझी आई ७८ वर्षांची आहे. गुडघे दुखतात पण सपाटीवर काठी घेऊन चालते. गेली तीन वर्षं कासला जायचं म्हणतेय. आम्ही कारनेच नेणार होतो, पण एसटीने जमेल का? चढायच्या पायऱ्या, धक्के, स्वच्छतागृह या सगळ्याची काळजी वाटते.

माचीवरचा | शुक्रवार, रात्री १०:२०

ताई, जमेल. ७५ वर्षांवरच्यांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे, तुम्हाला महिला म्हणून अर्धं तिकीट. आधार कार्ड मात्र जवळ ठेवा. स्टँडवरून गाडी सुटते त्यामुळे बसायला जागा मिळते. पुढच्या दाराजवळची, चाकापासून लांबची सीट धरा, धक्के कमी बसतात. स्वच्छतागृह साताऱ्यात स्टँडवरच उरकून घ्या. वर राजमार्गाने शेवटपर्यंत जायची गरज नाही. गेटच्या आसपासच अर्ध्या तासाच्या चालण्यात खूप बघायला मिळतं. आईंसाठी एक घडीचं स्टूल न्या. बसून बघणाऱ्यालाच तिथे जास्त दिसतं.

शनिवार-रविवार टाळा, एवढं नक्की.

वनस्पतीवाली | शुक्रवार, रात्री ११:१५

दवबिंदूचं वर्णन वाचून राहवलं नाही. वनस्पतिशास्त्र शिकतेय, गेली दोन वर्षं कासवर येतेय.

तिथे कीटक खाणाऱ्या वनस्पती का आहेत, तर जांभ्यावरची माती निकस. पावसाने सगळं धुऊन नेलेलं, नत्र जवळजवळ नाहीच. मुळांना जे मिळत नाही ते ही झाडं कीटकांतून घेतात. सीतेची आसवं तर तुम्ही बघितलीच असतील, निळसर जांभळे गालिचे. लोक वरचं फूल बघून पुढे जातात. खरी गंमत चिखलात आहे. ओल्या मातीत मुळासारखे धागे असतात आणि त्यावर टाचणीच्या डोक्याहून लहान फुगे. फुग्याला आत उघडणारं दार असतं. सूक्ष्म जीव दाराच्या केसांना लागला की दार उघडतं आणि तो पाण्यासकट आत ओढला जातो. डोळ्याची पापणी लवायच्या आत हे होऊन जातं. उपटून बघू नका, चांगली चित्रं सगळीकडे मिळतात.

दुसरं म्हणजे वायतुरा. साचलेल्या पाण्यात उगवतो, तुऱ्याला इंग्रजी वाय अक्षरासारखे दोन फाटे फुटतात म्हणून वायतुरा. त्याचं शास्त्रीय वर्णन १९८२ साली झालं आणि नावच सातारेन्सिस. पाणी आटलं की वर काही दिसत नाही, कंद खाली झोपलेला असतो. कंदीलपुष्प, चवर, जमिनीवरच्या आमरी (ऑर्किड), यांतली बरीच झाडं आठ महिने जमिनीखाली कंदाच्या रूपात असतात. माचीवरचा यांनी वाट सोडू नका म्हटलंय ते यासाठीही. जिथे काही दिसत नाही तिथेही काहीतरी झोपलेलं असतं.

कंदीलपुष्पाचं एक सांगते आणि थांबते. त्याची नळी आतून खाली वळलेल्या केसांची. माशी वासाने आत उतरते, केसांमुळे तिला वर येता येत नाही. मग केस सुकतात, वाट मोकळी होते आणि माशी पराग घेऊन पुढच्या फुलाकडे जाते. मला पहिलं कंदीलपुष्प दिसलं तेव्हा मी रडले होते.

बामणोलीचा | शनिवार, सकाळी ७:४०

धागा वाचला. मी त्याच रस्त्यावरचा. आमच्या बाजूने थोडं लिहितो.

तुम्ही ज्या गाडीने आलात ती आमची शाळेची, कॉलेजची, दवाखान्याची आणि बाजाराची गाडी. पठारावर फुलं आली की आम्हाला आनंदच होतो. गावातल्या पोरांना काम मिळतं. कास, एकीव, आटाळी, कासाणी अशा गावांच्या समित्या वनखात्याबरोबर पठाराची व्यवस्था बघतात, गेटवर उभी असतात ती आमचीच पोरं. पण रविवारी काय होतं तेही ऐका. गेल्या हंगामात चुलतीला साताऱ्याला तपासणीला नेली होती. परत येताना दोन्ही अंगांना लोकांनी मोटारी लावलेल्या, मधे एका सहलवाल्यांची मोठी बस आडवी. आमची एसटी दोन तास जागेवर. चुलती साखरेची पेशंट, जेवायची वेळ टळून गेली. शेवटी एका बाईने पिशवीतला लाडू दिला.

एसटीने येणारा माणूस आम्हाला पाहुणा वाटतो. तो आमच्याशी बोलतो. तुमच्या शेजारी बसलेल्या काकांसारखी दहा माणसं त्या गाडीत असतात, त्यांना विचारा, फुलांची नावं पुस्तकापेक्षा जास्त सांगतील.

शनिवारचा_पाहुणा | शनिवार, सकाळी ९:०५

सगळं पटतं, पण माझी बाजू मांडतो. मला आठवड्यातून एकच दिवस सुट्टी. दोन मुलं, पाच आणि तीन वर्षांची. त्यांना घेऊन आदल्या रात्री साताऱ्यात मुक्काम, सकाळची एसटी, परतीच्या गाडीची वाट, हे मला शक्य नाही. मग मी मुलांना कास दाखवूच नये का? गाडीने येणारा प्रत्येक जण बेफिकीर नसतो. आम्ही कचरा परत आणतो, फुलाला हात लावत नाही.

बामणोलीचा | शनिवार, सकाळी ९:३०

दादा, या की. मुलांना जरूर आणा, त्यांनी नाही बघायचं तर कोणी. गाडी फक्त ठरवलेल्या वाहनतळावर लावा. तिथून समितीच्या गाड्या गेटपर्यंत सोडतात. रस्त्याकडेला लावू नका, तेवढंच. आणि सकाळी लवकर पोचा. ज्यांना जमतं त्यांनी एसटीने यावं, म्हणजे ज्यांना जमत नाही त्यांच्या गाडीला जागा राहील.

माचीवरचा | शनिवार, सकाळी १०:१५

शेवटचं वाक्य फार मोलाचं. पाहुणे, माझ्या लिहिण्यात तुम्हाला दोष दिल्यासारखं वाटलं असेल तर माफ करा. मला म्हणायचं होतं ते माझ्यासारख्या एकट्या-दुकट्या माणसांसाठी.

सड्यावरची | शनिवार, दुपारी १:२०

मी राजापूर तालुक्यातली. तुम्ही ज्याला पठार म्हणता त्याला आम्ही सडा म्हणतो. तोच जांभा, तोच पेरभर मातीचा थर, फक्त समुद्राजवळ आणि कमी उंचीवर. पावसाळ्यात आमच्याकडेही सीतेची आसवं येतात, गेंद येतो, पाण्याच्या खळग्यात बेडूक आणि त्यांची पिल्लं. गावातल्या एसटीतून उतरलं की दहा मिनिटांत सड्यावर पोचतो. तिकीट नाही, गेट नाही. आणि संरक्षणही नाही.

आमच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत, बारसू, देवाचे गोठणे इथली आता बऱ्याच लोकांना माहीत झाली आहेत. पण सरकारी कागदावर सडा म्हणजे पडीक जमीन. मग कुठे चिऱ्याची खाण, कुठे जेसीबीने कातळ फोडून कलमांची लागवड. आंब्यावर आमचं घर चालतं, त्यामुळे मी लागवडीच्या विरोधात बोलत नाही. पण एखादा तरी सडा तसाच राहावा असं फार वाटतं. माझी आजी श्रावणात सड्यावरून घरी येताना पाय उचलून उचलून टाकायची, फुलं तुडवायची नाहीत म्हणून.

कासला गर्दी होते म्हणून ज्यांचा हिरमोड होतो त्यांनी ऑगस्टात कोकणातल्या एखाद्या सड्यावर या. गावातल्या माणसाला सोबत घ्या, शिल्पांवर पाय देऊ नका.

वनस्पतीवाली | शनिवार, दुपारी २:००

सड्यावरची ताई, मनापासून आभार. आम्हाला वर्गात हेच सांगतात, की कासला संरक्षण मिळालं पण त्याच जातीच्या कितीतरी पठारांचं नावही कुणाला माहीत नाही. 'पडीक' या एका शब्दाने फार नुकसान केलंय.

बामणोलीचा, तुम्हाला एक विचारायचं होतं. पठारावर पूर्वी गुरं चरायची ना? जाळी लावल्यानंतर काय फरक पडला?

बामणोलीचा | शनिवार, रात्री ८:५०

चरायची. माझे आजोबा म्हशी घेऊन रोज पठारावर. मग फुलं वाचवायला जाळीचं कुंपण आलं, चराई थांबली. माणसं आत घुसायची ती थांबली, हे चांगलं झालं. पण दोन-तीन वर्षांत गवत गुडघ्याला लागायला लागलं आणि खालची बारीक फुलं त्यात दिसेनाशी झाली. आमची म्हातारी माणसं तेव्हापासून सांगत होती, गुरांचं तोंड लागल्याशिवाय हे पठार राहणार नाही. पुढे जाळी काढली. आता माणसाने स्वतःहून वाट पाळायची आहे, आणि तिथेच अडतं. गेटवरचा पोरगा शिट्टी मारून मारून थकतो.

वनस्पतीवाली | शनिवार, रात्री ९:२५

म्हाताऱ्या माणसांचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. उंच गवत सूर्यप्रकाश अडवतं. गुरांनी ते खाल्लं की पेरभर उंचीच्या झाडांना ऊन मिळतं. हजारो गुरं सोडली तर नुकसान, पण पूर्वीइतकी बेताची चराई हा त्या पठाराचाच भाग होता.

रात्रपाळी | रविवार, पहाटे ५:१०

कोणत्या आठवड्यात काय फुलतं? मला एकच फेरी जमणार आहे.

माचीवरचा | रविवार, सकाळी ८:००

पावसावर अवलंबून आहे, पण ढोबळ मानाने ऑगस्टअखेरीस पांढरा रंग जास्त, गेंद आणि आमरी. सप्टेंबरच्या मध्यावर गुलाबी-जांभळा, तेरडा आणि आसवं. सप्टेंबरअखेर पिवळा, सोनकी आणि कवला. कवल्याच्या पिवळ्या फुलावर दोन लाल ठिपके असतात, त्याला सगळे मिकी माऊस म्हणतात, मुलांना दाखवा. एकच फेरी असेल तर सप्टेंबरचा तिसरा आठवडा, मंगळवार ते गुरुवार. टोपली कारवी मात्र सात वर्षांनी एकदा, ती नशिबात असेल तर.

एक सूचना माझ्या चुकीतून. तीन वर्षांपूर्वी कुमुदिनीजवळ रमलो आणि परत येताना धुकं उतरलं. समोरचा हात दिसेना. वाट सोडायची नाही म्हणून पायाखाली बघत चाललो, रस्त्यावर पोचेपर्यंत शेवटची गाडी निघून गेली होती. अंधार, पाऊस, फोनला रेंज नाही. तासाभराने दुधाचा टेम्पो आला, त्यांनी बसवून घेतलं. तेव्हापासून गाडीच्या वेळेआधी पाऊण तास रस्त्यावर येऊन उभा राहतो, पिशवीत बॅटरी ठेवतो आणि गाडीचा आवाज आला की ती लावून हलवतो. धुक्यात ड्रायव्हरला आपण दिसत नाही. डबा न्या, पाणी न्या, छत्रीपेक्षा रेनकोट बरा, वारा छत्री टिकू देत नाही.

चिंचवडची_लेक | अकरा दिवसांनी, गुरुवार, रात्री ९:४५

धागा वर आणतेय. आज आईला घेऊन जाऊन आले. एसटीनेच.

सकाळी स्टँडवर कंडक्टरदादांनी स्वतः आईला हात देऊन वर घेतलं, पुढच्या दाराजवळची सीट दिली. घाटात आई खिडकीला कपाळ टेकून बसली होती. वर पोचलो तेव्हा धुकं होतं. वर लिहिल्याप्रमाणे घाई केली नाही, स्टूल उघडून आईला बसवलं, थर्मासमधला चहा घेतला. साडेदहाला धुकं निघालं आणि समोर सगळा तेरडा. डोळा पुरत नव्हता.

आई एकदम म्हणाली, "अगं, ही तर गौर." तिच्या माहेरी तेरड्याची गौर असते. लहानपणी ती आणि तिच्या बहिणी ओढ्याकाठी जाऊन तेरडा मुळासकट उपटून आणायच्या, वाजतगाजत, मागे वळून न बघता. ते सगळं तिने मला तिथे बसून सांगितलं. कुठल्या बहिणीच्या हातात गौर असायची, उंबऱ्यावर पाय कसे धुवायचे, कुणाच्या पायाला काटा रुतला होता. मावशी जाऊन चार वर्षं झाली, तिच्याबद्दल आई इतकं बोललीच नव्हती. बोलताना तिने दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले होते. मी विचारलं, थंडी वाजते का. म्हणाली, नाही गं, सवयीने हात जाईल उपटायला.

आम्ही गेटपासून फार तर तीनशे पावलं चाललो असू. दोन तास तिथेच होतो.

वनस्पतीवाली | गुरुवार, रात्री १०:३०

ताई, वाचून डोळे भरून आले. आईंना सांगा, गौरीचा तेरडा आणि कासवरचा तेरडा सख्ख्या चुलत बहिणी आहेत. गौरीचा ओढ्याकाठी, शेताच्या बांधावर सगळीकडे येतो. कासवरचा बुटका, तो सह्याद्रीतल्या अशा थोड्या पठारांवरच सापडतो. आईंनी हात आवरला ते फार बरं झालं.

बामणोलीचा | शुक्रवार, सकाळी ६:५५

पुढच्या वेळी आजींना बामणोलीपर्यंत आणा. गाडी शेवटपर्यंत येते, आमचं घर स्टॉपला लागूनच आहे. जेवायलाच या.